मोडीच्या भावात जाणारा ऐवज

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराचे ट्रक रात्रंदिवस येतात. गंजके गज, पत्रे, यंत्रांचे सांगाडे भट्टीत वितळतात आणि सळया होऊन बाहेर पडतात. पोलादाच्या याच धंद्याने शहराला देशभर ओळख मिळवून दिली. लोखंडाच्या बाबतीत जुन्याचं नवं करण्याची ही किमया सगळ्यांच्याच फायद्याची आहे. भांड्यांच्या बाजारातही रोज एक मोड जमा होते, तिचा हिशोब मात्र इतका सरळ नाही. वाटण्या झालेल्या घरातला हंडा, पाडलेल्या वाड्यातलं घंगाळ, आजी गेल्यावर फडताळातून निघालेला पानाचा डबा, अशी चीजवस्तू तराजूवर चढते. दुकानदार घट वजा करतो, उरलेल्या वजनाचा भाव देतो आणि बहुतेक वेळा त्याच पैशांत स्टीलचा नवा संच घरी जातो.

कापडाचंही तेच. बोहारीण दारात बसायची तेव्हा चार लुगड्यांवर एक पातेलं मिळायचं. जरीच्या साड्यांना वेगळा गिऱ्हाईक असे. ‘जुन्या जरीच्या साड्या, शालू, पैठणी’ अशी हाळी देत तो गल्लीतून फिरायचा, साडी हातात तोलायचा आणि जरीतल्या चांदीच्या अंदाजाने पैसे मोजायचा. पुढे ती साडी जाळून चांदी काढली जाई. विणकराच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीतून काही तोळे धातू उरे.

जगात इतरत्र अशा वस्तूंचे बाजार भरतात आणि लोक त्यांच्यासाठी लांबून येतात. फ्रान्समध्ये जुन्या चादरी, टॉवेल, टेबलाची आच्छादनं यांचा मोठा व्यापार आहे. पॅरिसच्या वेशीवरच्या सेंट-वाँच्या बाजारात आणि गावोगावच्या चौकांत ही कापडं मांडलेली असतात. एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच मुलगी लग्नाआधी आपल्या रुखवतासाठी तागाच्या चादरी जमवी आणि त्यांवर लाल दोऱ्याने स्वतःच्या नावाची आद्याक्षरं व आकडा भरी. धुणं वर्षातून मोजक्याच वेळा, सगळ्या गावाचं एकत्र निघायचं. आपली चादर ओळखता यावी आणि डझनातली प्रत्येक पाळीने वापरली जावी म्हणून ही खूण. आज पारखी गिऱ्हाईक याच अक्षरांसाठी जादा पैसे मोजतो. चादरीच्या मध्यभागची शिवणही तो पाहतो. जुना हातमाग अरुंद असल्याने दोन पट्टे जोडून चादर करावी लागे, म्हणून ती शिवण जुनेपणाचा पुरावा ठरते.

मराठवाड्यातल्या घरांत हीच खूण तांब्या-पितळेवर आहे, आणि कारणही जवळपास तेच.

भांड्यावरचं नाव

लग्नाकार्याला, भंडाऱ्याला, तेराव्याला मोठी भांडी गल्लीभर मागून आणावी लागत. काम उरकल्यावर ज्याचं त्याला परत जावं म्हणून प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असे. नाव घालणारा बारीक छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन बसायचा आणि ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर उठवायचा. या अक्षरांवरून बोट फिरवलं तर प्रत्येक ठिपक्याचा खड्डा वेगळा लागतो, कुठे खोल, कुठे उथळ. पुढे विजेवर चालणारं यंत्र आलं. त्याची अक्षरं एकसारख्या खोलीची, सलग आणि उथळ असतात. भांडं हातछिन्नीच्या काळातलं की नंतरचं, याचा पहिला अंदाज इथे येतो.

नावासोबत पुष्कळदा साल असतं, आणि ते वाचायला थोडं गणित लागतं. धार्मिक प्रसंगाच्या किंवा स्मरणार्थ दिलेल्या भांड्यावर बहुधा शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या महिन्यांसाठी ७९ मिळवायचे. म्हणजे ‘शके १८४५’ हे १९२३-२४ साल. जालना १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि संस्थानाच्या कारभारात फसली सन चाले. त्यामुळे या भागातल्या जुन्या कागदांवर आणि वस्तूंवर तोही भेटतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. ‘फसली १३४०’ म्हणजे १९३०-३१. हे माहीत नसलेला माणूस १३४० हा आकडा इसवी सन समजून भांडं सातशे वर्षांचं ठरवू शकतो, आणि विकणाऱ्यालाही कधी कधी तसंच वाटत असतं.

धातू ओळखणं त्याहून सोपं. कांस्याच्या थाळीला टिचकी मारली की नाद बराच वेळ घुमतो, पितळेचा लवकर विरतो. कांसं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ला २२ या प्रमाणात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. मोठ्या जुन्या तांब्याच्या भांड्याचा सांधा निरखून पाहावा. पत्र्याच्या दोन्ही कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवायचे आणि वर झाळ द्यायची ही तांबटांची रीत. बाहेरून घासून घासून ही नागमोडी रेघ पुसट होते, पण आत हात घालून चाचपली तर लागते. बुडाची झीजही पाहावी. चुलीवर आणि ओट्यावर वर्षानुवर्षं सरकवलेल्या भांड्याचं बूड एकसारखं झिजत नाही. आम्लात बुडवून काळपट केलेलं नवं भांडं मात्र सगळीकडे सारखंच काळं दिसतं, अगदी खाचांच्या तळाशीसुद्धा.

मापांची गोष्ट तर हरवण्याच्याच बेतात आहे. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्य मोजण्याची ही भाषा घराघरांत होती. १९५६च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत शेर-पायली बाजारातून गेली. पितळेचा शेर किंवा लोखंडी कड्यांची पायली आज मोडीच्या ढिगात ओळखू येणारी माणसं कमी होत चालली आहेत. अशा मापाच्या काठावर तपासणीचे शिक्के असतील तर ते घासून चकचकीत करू नये. त्या शिक्क्यांमुळेच ते माप कोणत्या राजवटीत वापरात होतं ते कळतं.

काठ, पदर आणि उलटी बाजू

कापडाच्या बाबतीत जालन्याचा माणूस नशीबवान आहे. पैठण आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन मोठी विणकामाची गावं हाकेच्या अंतरावर. पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर दख्खनच्या बाजारपेठा म्हणून येतात. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तेरहून कापड भडोचच्या बंदरावर जाई, अशी नोंद त्यात आहे.

जुनी पैठणी पारखायची तर आधी ती उलटी करावी. काठ आणि पदर यांची नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या बाण्यांनी, एकेक तुकडा गुंफत विणलेली असते. त्यामुळे मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते आणि लोंबते धागे नसतात. यंत्रमागावरच्या नकलेत मागे कापलेल्या किंवा आडव्या धावणाऱ्या धाग्यांची गर्दी असते. मग जर. अस्सल जरीत रेशमाच्या दोऱ्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिच्यावर सोन्याचं पाणी दिलेलं असतं. ती हाताला जड लागते आणि जुनी झाली की ऊबदार, मंद पिवळी होते. तांब्याच्या तारेची जर लालसर किंवा हिरवट पडते, प्लॅस्टिकची जर हलकी राहते आणि कडक चकाकते. काठाचा एखादा सुटा धागा विकणाऱ्याच्या परवानगीने जाळून पाहता येतो. रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिएस्टरचा मात्र कडक मणी होतो.

निजामाचा आश्रय गेला तशी पैठणची विणकरी उतरणीला लागली होती. १९७४ साली राज्य सरकारच्या लघुउद्योग विकास महामंडळाने पैठणला प्रशिक्षण केंद्र काढलं, त्यातून हात पुन्हा मागाला लागले. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणून जिच्या पदरावर जुनी नक्षी आहे अशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली पैठणी विणकरांसाठीही मोलाची ठरते. तिच्यावरून रंगांची जोडणी आणि आसावली, मुनिया, बांगडी मोर यांची मूळ मापं काढता येतात. अशी साडी जाळली की चांदीसोबत हा नमुनाही जातो.

हिमरूची उलटी बाजू अगदी वेगळी असते. सुती ताण्यावर रेशमाचा जादा बाणा घालून नक्षी काढतात, त्यामुळे मागे रेशमाचे लांब सुटे धागे लोंबतात. जुन्या शेरवानीचं अस्तर उसवलं की हे धागे दिसतात. मोहम्मद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर इकडे आले आणि त्यांच्यासोबत ही कला रुजली, अशी परंपरा सांगते. मश्रू पाहताना हात दोन्ही बाजूंनी फिरवावा. वरची बाजू रेशमी आणि झळाळती, अंगाला लागणारी बाजू सुती. शेरवानी, जाकीट, उशीचे अभ्रे, लग्नातल्या पिशव्या अशा रूपांत हे कापड जुन्या घरांतून अजून निघतं, आणि पुष्कळदा ‘फाटकं रेशीम’ म्हणून पोतं भरताना आत कोंबलं जातं.

वाकळेला मात्र कोणी विचारत नाही, आणि ती सर्वांत जास्त बोलते. जुनी लुगडी, धोतरं, खणाचे तुकडे एकावर एक पसरून त्यांना धाव दोरा घालत बायका ती शिवत. वरचा थर झिजला की त्यावर नवा चढायचा. कोपरा उसवलेल्या वाकळेत डोकावलं तर थरांमागे थर दिसतात. वर छापील मिलची साडी, तिच्याखाली इरकलीचा काठ, त्याच्याही खाली हातमागाचं जाडंभरडं कापड. एका घराने चाळीस-पन्नास वर्षांत काय नेसलं याचा हा पुरावा आहे. वाकळ विकत घेताना ती उसवून ‘चांगला’ तुकडा वेगळा करण्याचा मोह टाळलाच पाहिजे. तुकडा सुटा झाला की त्याच्या वयाचा आणि घराचा धागा तुटतो.

तळाचा शिक्का

इनॅमलची ताटं, चिनी मातीच्या बरण्या, कंदील, शिवणयंत्रं या वस्तू पालथ्या करून पाहायच्या. तळाशी देशाचं नाव असेल तर काळ आपोआप आखून मिळतो. चेकोस्लोव्हाकिया हा देशच १९१८ साली जन्मला, त्यामुळे त्या नावाची वस्तू त्याआधीची असू शकत नाही. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं कोरलेलं असेल तर वस्तू १९४५ ते १९५२ या सात वर्षांतलीच. सिंगर शिवणयंत्राचा क्रमांक कंपनीच्या जुन्या याद्यांशी जुळवला की ते कोणत्या वर्षी बनलं हेही कळतं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली निघालेल्या ओगले काच कारखान्याचे ‘प्रभाकर’ कंदील एकेकाळी महाराष्ट्रभर पेटत. वीज पोहोचल्यावर ते माळ्यावर गेले आणि तिथून भंगारात.

भिंतीवरच्या देवादिकांच्या तसबिरी पाहताना भिंग जवळ ठेवावं. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथल्या शिळाछापाच्या चित्रात भिंगाखाली ठिपके अनियमित, हाताने टाकलेले दिसतात. अलीकडच्या ऑफसेट नकलेत ते जाळीसारखे समान अंतरावर असतात. काही घरांत लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांवर साडीच्या जागी खरं कापड, टिकल्या आणि जर चिकटवलेली असते. अशी तसबीर घरातल्या बाईच्या हातचं काम म्हणूनही जपण्यासारखी असते.

घरगुती वस्तूंचा असा संग्रह किती मोठा होऊ शकतो ते पुण्यात दिसतं. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने अडकित्ते, वजऱ्या, दिवे, कुलपं, दरवाजे असं रोजच्या वापरातलं सामान गावोगाव फिरून जमवलं. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं राहिलेलं हे संग्रहालय त्यांनी १९७५ साली राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. राजघराण्यांचे जवाहीर त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते. सुपारी फोडताना आणि टाच घासताना माणसाने किती सुंदर वस्तू घडवल्या, हे त्यांना दाखवायचं होतं.

कायद्याची बाजू

घरगुती तांब्या-पितळेची खरेदी मोकळी असली तरी जालना जिल्ह्यात एक काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण इथली जमीन फार जुनी आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३च्या सुमारास इथे उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीत पॉम्पेई शहर इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तिथे १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं लक्षणीय साम्य आहे. पॉम्पेईची मूर्ती दख्खनमधूनच गेली असावी, असं काही अभ्यासकांनी मांडलं ते या साम्याच्या आधारे. भोकरदनची मूर्ती कोणत्या थरात, कशासोबत निघाली याची नोंद होती, म्हणून ती हा पुरावा देऊ शकली. तीच मूर्ती एखाद्याने खणून बाजारात विकली असती तर ती नुसतं एक सुंदर खेळणं ठरली असती.

भोकरदनपासून फार लांब नाही ते आसई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली यांची इथे लढाई झाली. अशा परिसरात नांगराला लागलेलं नाणं, मूर्ती किंवा धातूची वस्तू थेट विकणाऱ्याकडून घेणं धोक्याचं. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. १९७२चा पुराण वस्तू आणि बहुमोल कलाकृती कायदा ५ एप्रिल १९७६पासून लागू आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेल्या वस्तू त्यात येतात, हस्तलिखितांसाठी ही मुदत ७५ वर्षांची. मूर्ती आणि चित्रांसारख्या ठरावीक वर्गांची नोंदणी करावी लागते, त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तिदंताच्या डब्या, फण्या, मुठी कितीही जुन्या असल्या तरी त्यांचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे. देवळातल्या वाटणाऱ्या मूर्तीपासून तर लांबच राहावं.

व्यवहार आणि नंतर

मोडीच्या दुकानात सकाळी जावं, भट्टीवाल्याकडे माल जाण्याआधी. भाव करताना त्या दिवसाचा पितळ-तांब्याचा दर आधी विचारून घ्यावा आणि त्यावर वस्तूच्या कामानुसार जादा द्यावं. दुकानदाराला मोडीपेक्षा चार पैसे जास्त मिळतात असं दिसलं की तो पुढच्या वेळी नाव घातलेलं, नक्षीचं भांडं आपणहून बाजूला ठेवतो. मुख्य प्रश्न एकच: हे कोणत्या गावातून आलं? गाव, घराण्याचा व्यवसाय, कोणत्या प्रसंगाचं भांडं, एवढं कळलं तरी खूप झालं. घरमालक स्वतः विकत असेल तर त्याच्याकडून वस्तूची गोष्ट तिथल्या तिथे लिहून घ्यावी.

घरी आणल्यावर पितळ चिंचेने हलकं धुणं पुरेसं आहे. घासणीच्या यंत्रावर दिलं तर छिन्नीची अक्षरं कायमची बुजतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात रांधायचं असेल तर कल्हई लागतेच. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि तो वितळताच कापसाच्या बोळ्याने आतून सगळीकडे पुसायचा. पांढरा धूर उठतो आणि तांबडा तळ क्षणात चांदीसारखा होतो. कल्हईवाले गावोगाव फिरायचे थांबले, तरी मोठ्या भांडी बाजारात अजून मिळतात.

कापडाला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळावं, डांबरगोळ्या जरीला थेट लागू देऊ नयेत, शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवावी आणि दर काही महिन्यांनी घडीची जागा बदलावी, कारण जुनं रेशीम घडीवरच चिरतं. साडीचं अंग फाटलं पण काठ-पदर शाबूत असतील तर कुशल कारागीर ते उतरवून नव्या रेशमावर चढवतात. त्याआधी मूळ साडीची दोन्ही बाजूंनी छायाचित्रं घ्यावीत आणि उतरलेला एखादा तुकडा जपावा.

प्रत्येक वस्तूसोबत एक कागद ठेवावा: काय आहे, कुठून आली, कोणाची होती, कधी घेतली, कोरलेली अक्षरं जशीच्या तशी. शके किंवा फसली साल असेल तर तेही आहे तसंच उतरवावं, शेजारी इसवी सन द्यावं. उद्या हीच वस्तू एखाद्या संग्रहालयाला द्यायची ठरली, तर तिथल्या नोंदवहीत पहिल्यांदा हेच तपशील लागणार आहेत.